अंगणाची भिंत: ब्लॉक नंतर, आधी पाणी

अंगणात माती अडवणारी भिंत बांधताय? ब्लॉक कोणता घ्यायचा हे नंतर. आधी कुदळ मारून खाली काय लागतंय ते बघा. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला दर वर्षी ढकलते. ती काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा, मगच पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) टाका.

अशा भिंती बहुतेक वेळा मागे तुंबलेल्या पाण्यामुळे झुकतात. म्हणून भिंतीमागे फूटभर रुंद खडी भरा, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) घाला. तळाशी भोकं पाडलेला पाइप उतार देऊन बाहेर काढा, शिवाय भिंतीतही पाणी जायला पाइपचे तुकडे ठेवा. गवंडी म्हणेल, ‘एवढं कशाला?’ ऐकू नका. उकरलेली काळी मातीच परत मागे भरू, असंही सुचवेल. स्वस्त पडते ना! पण तीच फुगून भिंत ढकलते, तेव्हा तेही ऐकू नका.

एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक बुडबुड्यांचे सिमेंट ब्लॉक) इथे नकोत, हलके आणि पाणी पिणारे. पोकळ काँक्रीट ब्लॉक घ्या, पायातून उभ्या सळया काढा, पोकळ्या काँक्रीटने भरा. दहा दिवस तरी पाणी मारा, भराव त्यानंतर.

उंची चार फुटांवर जाणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय खोदायला सुरुवातच करू नका.