कुरण म्हणजे बाग नव्हे

धुळे शहर संपलं की मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आणि कुरण लागतं. तिथल्या सहलींबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले काही या अंकात घेत आहोत.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही अमळनेरहून बारा जण लळिंगला जाणार आहोत. तीन लहान मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई सोबत आहेत. तिथेच वांगी भाजून भरीत-पुरी करायची म्हणतोय. पाणी किती न्यावं?

उत्तर : भरीत-पुरी जरूर न्या, पण वांगी तिथे भाजू नका. डिसेंबरात गवत कमरेएवढं आणि पार वाळलेलं असतं. चुलीतली एक ठिणगी वाऱ्याने उडाली की आग माणसाच्या पायापेक्षा वेगाने डोंगर चढते, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, ससे, घोरपडी यांचं त्यात काही उरत नाही. राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 नुसार गुन्हाही आहे.

वांगी घरी किंवा शेतावर कपाशीच्या काड्यांवर भाजा. फोडणी दिलेलं भरीत गरम असतानाच डब्यात कोंबलं तर वाफेचं पाणी सुटतं आणि दुपारपर्यंत ते आंबतं. म्हणून परातीत पसरून पूर्ण निवू द्या. कांद्याची कच्ची पात वेगळी न्या आणि जेवायला बसताना कालवा. पुऱ्या सुती फडक्यात बांधा, प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या चिवट होतात.

पाण्याचा हिशेब असा : चार-पाच तासांसाठी मोठ्या माणसाला 2 लिटर, मुलाला 1 लिटर. नऊ मोठे आणि तीन मुलं धरली तर 21 लिटर झाले. हातपाय धुवायला आणखी 8-10 लिटर लागेल. बागेसारखा नळ तिथे मिळेल असं धरून निघू नका. 20 लिटरचा जार गाडीत ठेवा, प्रत्येकाच्या खांद्याला एक बाटली द्या. किल्ल्यावर खडकात कोरलेली टाकी आहेत, पण त्यातलं पाणी मुलांना पाजू नका.

सकाळी आठपर्यंत पोचा. सासूबाईंनी किल्ला चढू नये. वाट उभी आहे आणि उतरताना मुरमावरून पाय सरकतो. पायथ्याच्या गावातलं जुनं हेमाडपंती शिवमंदिर त्यांना निवांत पाहता येईल.

प्रश्न : दिवाळीनंतर कुरणात फिरून आलो की मोजे कुसळांनी भरतात. धुतले तरी निघत नाहीत, उलट आत शिरतात. असं का होतं?

उत्तर : एक कुसळ तळहातावर घेऊन नीट बघा. खालचं टोक सुईसारखं टणक असतं. त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात आणि वर काळसर, पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. असं गरगर फिरत ते बी एरवी जमिनीत शिरतं. तुमच्या मोज्यात तेच घडतं. मोजे भिजवले की कुसळ फिरायला लागतं, आणि मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत.

त्यामुळे मोजा कोरडा असतानाच उलटा करा आणि आतून डोकावणारं टोक चिमटीत धरून पुढच्या दिशेने ओढा. शेपटी धरून मागे ओढलं तर ती तुटते आणि टोक आतच राहतं. पहाटेचं दव उडाल्यावर, साधारण नऊनंतर, गवतात शिरा. लोकरी किंवा जाड विणीचे मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. सोबत कुत्रा असेल तर घरी आल्यावर त्याचे कान आणि बोटांमधल्या बेचक्या तपासायलाच हव्यात. तिथे शिरलेलं कुसळ पिकतं.

प्रश्न : पावसाळ्यात मुलं लळिंगच्या धबधब्यावर जायचा हट्ट धरतात. धोका कसा ओळखायचा?

उत्तर : तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरावर पाऊस पडत असू शकतो. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, सगळं ओढ्यात येतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा आवाज जड झाला, तर फोटो, चपला, डबा सगळं टाकून लगेच काठाच्या उंच बाजूला चढा. पलीकडच्या काठावर असाल तर ओढा ओलांडायची घाई करू नका, तिथेच उंचावर थांबा, पूर ओसरू द्या. डोहात उडी तर अजिबात नको. गढूळ पाण्याखालचा खडक दिसत नाही.

प्रश्न : 31 जुलैला आई-वडिलांना लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर न्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : डॉ. बाबासाहेब आंबेडकर 31 जुलै 1937 रोजी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. त्या आठवणीसाठी दरवर्षी तिथे मोठी गर्दी होते. गाडी लांब लावून चालावं लागेल हे धरूनच निघा. वाट चिखलाची असते, चामडी चप्पल घसरते. काठी, रेनकोट आणि नेहमीच्या गोळ्या जवळ ठेवा, आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून दोघांच्या खिशात द्या.

प्रश्न : कड्याखाली आग्या मोहोळं दिसली. माश्या उठल्या तर?

उत्तर : हात झटकू नका. तोंडावर ओढणी किंवा उपरणं घेऊन सरळ पळा, गाडीत किंवा घरात शिरून दारं-काचा बंद करा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. डंखासोबत माशी इशाऱ्याचा वास सोडते आणि त्या वासावर बाकीच्या येतात. तो वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो, म्हणून मोहोळाखाली बसून केळी सोलू नयेत. अंगात रुतलेला काटा नखाने लगेच खरवडून काढा, तो जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. श्वास लागला, ओठ सुजले किंवा डंख बरेच असले तर 108 ला फोन करा. रात्रीपर्यंत वाट पाहू नका.