वाचक विचारतात : ड्रिफ्ट गाडीची जुळवणी

१:१० मापाच्या रेडिओ कंट्रोल ड्रिफ्ट गाड्यांविषयी (वळणावर मागची चाकं घसरवत आडव्या चालवायच्या गाड्या) मराठवाड्यातून आलेली पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांत ‘मोटर कोणती घेऊ?’ असा प्रश्न आहे. आमचं मत स्पष्ट आहे : आधी फरशी आणि टायर, मग जायरो (गाडी फिरली की पुढची चाकं आपोआप उलट वळवणारा सेन्सर) आणि सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), त्यानंतर सस्पेन्शन. मोटरचा खर्च सगळ्यात शेवटी.

प्रश्न (लातूर) : मागच्या चाकांवर चालणारी योकोमो वायडी-२ जोडली. जायरो बसवला आहे, तरी थ्रॉटल दिला की गाडी गर्रकन फिरते. गेन (जायरो किती जोराने सुधारणा करतो ते प्रमाण) वाढवला की पुढची चाकं थरथरतात. १३.५टी काढून १०.५टी मोटर (टी म्हणजे तारेचे वेढे, कमी वेढे म्हणजे जास्त वेग) टाकावी का?

उत्तर : मोटरला हात लावू नका. आधी जायरोची दिशा तपासा. गाडी सपाट जागी ठेवून चालू करा आणि काही सेकंद अजिबात हलवू नका. त्या वेळात जायरो आपला शून्यबिंदू ठरवतो. मग गाडी उचलून हातात धरा आणि तिचं नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत, म्हणजे गाडी फिरली तरी चाकं आधीच्याच दिशेला बघत राहिली पाहिजेत. तीही डावीकडेच वळली तर जायरो घसरण आवरण्याऐवजी वाढवतो आहे. अशा वेळी जायरोवरचा रिव्हर्स बदला. रिमोटवरचा स्टिअरिंग रिव्हर्स फक्त तुमच्या हाताची दिशा उलटी करतो, जायरोची नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी रिमोटवर डावं-उजवं बरोबर करा, मग जायरोचं बघा.

दिशा बरोबर असूनही चाकं थरथरत असतील तर तीन कारणं असू शकतात. पहिलं, सर्व्हो मंद आहे. ६० अंश फिरायला त्याला ०.१० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला पाहिजे. ०.१६ चा सर्व्हो जायरोच्या मागे पडतो, उशिरा पोचतो, पुढे जातो, परत येतो, आणि ही ओढाताण थरथर म्हणून दिसते. दुसरं, जोडांमधला ढिलेपणा. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरची पट्टी) एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पुढचं चाक हलवा. खुळखुळ जाणवली तर बॉलकप (दांड्यांच्या टोकाचे गोल जोड) बदला, बेलक्रँकचे (सर्व्होची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या तरफेचे) स्क्रू बघा. स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर (धक्का शोषणारा हॉर्न) लावला असेल तर तो काढून सरळ हॉर्न बसवा. सर्व्होच्या दात्यांप्रमाणे २५टी की २३टी (इथे टी म्हणजे दाते) ते बघून घ्या. तिसरं कारण म्हणजे गेनच जास्त आहे. ४० टक्क्यांवर सुरुवात करा, गाडी सरळ पळवा आणि ५-५ ने वाढवत जा. थरथर सुरू झाली की ५ ते १० टक्के मागे या.

सर्व्हो अॅनालॉग असेल तर जायरोही अॅनालॉग मोडवरच ठेवा. डिजिटल मोडमधले वेगवान सिग्नल त्याला सोसत नाहीत, तो तापून जळतो.

शेवटी रिमोटवर दोन्ही बाजूंचे एंडपॉइंट (चाकं जास्तीत जास्त किती वळतील ती मर्यादा) लावा. पूर्ण वळणावर सर्व्हो भुणभुणत असेल तर तो अडकून जोर लावतो आहे. आवाज थांबेपर्यंत टक्के कमी करा.

प्रश्न (परभणी) : बाहेरून मागवलेले ड्रिफ्ट टायर महाग पडतात. शेतातल्या पाइपचे कापून चालतात असं ऐकलं. कोणता पाइप घ्यावा? आमच्याकडे शहाबादी फरशीचं अंगण आहे आणि समोर डांबरी रस्ता.

उत्तर : चालतात, पण पाइप बघून घ्या. या गाड्यांची रिम साधारण ५२ मिलिमीटर व्यासाची आणि २६ मिलिमीटर रुंद असते. शेतीचा ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतून ५८ च्या आसपास भरतो, म्हणून तो उघड्या रिमवर डुगडुगतो. नळजोडणीच्या दुकानात ‘दोन इंची यूपीव्हीसी, शेड्यूल ४०’ मागा. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ आणि आतला सुमारे ५२.५ असतो. तो रिमवर जवळजवळ बरोबर बसतो. शेड्यूल ८० नको, त्याची भिंत जाड असल्याने आतलं माप ४९ वर येतं. दुकानात जाताना रिम आणि व्हर्नियर सोबत न्या.

पाइपाभोवती सरळ कडेचा कागद गुंडाळून त्या कडेने रेघ मारली की काप काटकोनात येतो. हॅक्सॉचं इंचाला ३२ दात्यांचं पातं वापरा, २७ मिलिमीटरवर कापा आणि काचेवर १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून दोन्ही कडा घासत २६ वर आणा. पेपर ओला ठेवा, पीव्हीसीची धूळ छातीत जाऊ देऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे लेथवाल्याकडून चार रिंगा एकाच बसवणीत कापून घेणं. हाताने कापलेली रिंग थोडी जरी वाकडी असली तरी गाडी वेगात हादरते आणि तो हादरा जायरोपर्यंत पोचतो.

रिमवर इन्सुलेशन टेपचा एखादा वेढा घाला, रिंग गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा, दाबून बसवा आणि आतल्या कडेला चार ठिकाणी सुपरग्लूचा थेंब द्या. बाहेरची कड थोडी गोल करा, नाहीतर फरशीच्या सांध्यात अडकते. चारही चाकांना एकाच पाइपाच्या रिंगा हव्यात. पुढे एक आणि मागे दुसरं प्लास्टिक असेल तर कोणतीच सेटिंग टिकत नाही.

तुमच्या शहाबादीवर पीव्हीसी छान चालेल. डांबरावर मात्र ते लवकर झिजतं. तिथे तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई पाइप जास्त टिकतो. तो ६३ मिलिमीटरचा असल्याने उघड्या रिमवर बसत नाही. गरम करून जुन्या रबरी टायरवर चढवावा लागतो. रबर आत कुठे गोळा झालं नाही ना, हे चाक फिरवून बघा. मंगल कार्यालयातल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर कडक प्लास्टिकला पकडच मिळत नाही, चाकं जागीच फिरतात. तिथे विकतचे जरा मऊ टायरच घ्यावेत.

प्रश्न (जालना) : ड्रिफ्ट सुरू होतो, पण वळणाच्या मध्यावर गाडी सरळ होते. कधी कधी उलट होऊन पूर्ण फिरते. काय बदलू?

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, उपायही वेगळे. सरळ होते म्हणजे मागच्या चाकांचा वेग त्यांच्या पकडीला पुरा पडत नाही. आधी कडक टायर लावून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक) दोन दात मोठं करा. स्पर (पिनियनने फिरणारं मोठं दातेरी चाक) ८४ आणि पिनियन २४ असेल तर भागाकार ३.५ येतो, २६ दातांनी तो ३.२३ होतो आणि चाक जास्त वेगाने फिरतं. मोटर मात्र जास्त तापेल, पाच मिनिटांनी थांबून हात लावून बघा.

पूर्ण फिरत असेल तर स्टिअरिंगचा कोन कमी पडतोय किंवा मागे वजन कमी आहे. बॅटरी शक्य तितकी मागे सरकवा. एक मागचं चाक धरून दुसरं फिरवा. ते सहज फिरलं तर मागचा डिफ (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) ढिला आहे, त्यात घट्ट ग्रीस भरा किंवा स्पूल बसवा. स्पूलने दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि घसरण एकसारखी होते.

सुरुवातीला ही मापं ठेवा : पुढे उणे ६ ते ८ अंश कॅम्बर (चाकाचा कल, उणे म्हणजे वरची कड आत), मागे उणे १ ते २, मागे २ अंश टो-इन (चाकांची पुढची टोकं आत), चॅसी (गाडीचा सांगाडा) जमिनीपासून ५ मिलिमीटर. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : माझ्याकडे टामियाची टीटी-०२डी आहे. पुढचे ड्राइव्हशाफ्ट काढून ती मागच्या चाकांवर चालवता येईल का?

उत्तर : चालेल, पण ड्रिफ्ट धरणार नाही. मागच्या चाकांवरच्या गाडीला पुढची चाकं ६० अंशांच्या पुढे वळावी लागतात. या चॅसीत तेवढी जागा नाही. नकल (चाक धरून वळणारा भाग) आणि खालचे आर्म (चाक सांगाड्याला जोडणारे दांडे) बदलावे लागतील, त्यातही वजनाची वाटणी तशीच राहील. ती आहे तशीच चारही चाकांवर चालवा, जायरोशिवाय हात तयार करायला उत्तम गाडी आहे. पुढचं पाऊल टाकायचं झालं तर एमएसटीची आरएमएक्स किंवा वायडी-२ सारखी मुळातच त्यासाठी बनवलेली चॅसी घ्या. नकल आणि आर्मच्या सुट्या भागांचे पैसे त्यात घाला.

प्रश्न (नांदेड) : उन्हाळ्यात दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली. चूक कुठे झाली असेल? मैदानावरच्या काळ्या धुळीने बेअरिंगही जाम होतात.

उत्तर : बहुतेक वेळा उष्णता, अतिवापर किंवा पूर्ण भरून ठेवणं यांपैकी काहीतरी असतं. ४२ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या चारचाकीत बॅटरी ठेवू नका. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर खेळा. चालवून झाल्यावर बॅटरीला हात लावून धरवत नसेल तर तिच्याकडून जास्त काम घेतलं जातंय. लहान पिनियन लावा. ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) लिपो मोड चालू आहे ना बघा, दर सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने, बॅलन्स मोडवर (दोन्ही सेल सारखे भरणारा), थंड झाल्यावरच चार्ज करा. आठवडाभर चालवणार नसाल तर ती ८.४ व्होल्टवर भरून ठेवू नका, स्टोरेज मोडने ७.६ वर आणा. फुगलेली बॅटरी परत वापरू नये, टोचू नये आणि घरातल्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

बेअरिंगसाठी रबरी सीलचे घ्या. जाम झालेलं बेअरिंग डब्ल्यूडी-४० ने धुता येतं, पण ते तेल म्हणून टिकत नाही. धुऊन पूर्ण सुकवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. दोन थेंब घातले तर तीच काळी धूळ तेलाला चिकटते आणि आत लेप तयार होतो.