कुंपणात सापडलेल्या लॉरिसला केळं-दूध चालतं का?

तुम्ही विचारलंय की शेताच्या कुंपणात लॉरिस, म्हणजे माकडाच्या दूरच्या नात्यातलं, रात्री हिंडणारं ते छोटं जनावर, सापडलंय, वनखात्याची माणसं येईपर्यंत केळं-दूध दिलं तर चालेल का. नाही चालत.

मी दहावीत होतो. कर्नाटकात तुमकुरूजवळ मामाच्या शेतात गडी कुंपण तोडत होते, त्यात एक सापडलं. कन्नडमध्ये त्याला काडुपापा म्हणतात, रानातलं बाळ. पाव किलोसुद्धा नसेल. काटकुळे हातपाय, शेपूट नाही, तोंडावर नुसते डोळे. मामानं ते खोक्यात घातलं, वाटीत दूध ठेवलं, शेजारी पिकलं केळं. "माकडाचीच जात, खाईल." हातापायांना मुताचा वास येतोय म्हणून मामीनं त्याला कोमट पाण्यानं पुसलं. लॉरिस आपलं मूत स्वतःच तळव्यांना चोळतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेलं होतं, खोक्याच्या फटीत बोटं घट्ट रुतवून. ती मूठ मी सोडवली. एकेक बोट उचलावं लागलं.

त्यानंतर मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. तामिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात अय्यलूरच्या रानात लॉरिसच्या खाण्याचा अभ्यास झालाय. त्यात ९६ टक्के खाणं प्राणिज निघालं, आणि त्यातही मुख्य मुंग्या आणि वाळवी. आपण ज्या किड्यांना हात लावणार नाही, असे उग्र वासाचे किडेसुद्धा ते खातं. देवरायनदुर्गाच्या पायथ्याशी टॉर्चला लाल कागद लावून मी ते पाहिलंय. आधी झाडीत दोन लालसर निखारे दिसले. मग ते फांदीवरून इतकं सावकाश सरकलं की पान हललं नाही, आणि एकदम दोन्ही हातांनी झडप. किडा डोक्याकडून चावला, डोळे मिटले, लाळ गळली, शिंकलं, आणि पुन्हा चावायला लागलं. हे जनावर केळ्यावर जगेल?

मामा अजून म्हणतो, "ते धसक्यानं गेलं, दुधानं नाही." त्यात तथ्य असेलही. पकडलेलं लॉरिस ताणानं मरू शकतं, आणि प्राणिसंग्रहालयात त्याला थोडी फळं देतातही, पण तिथे डॉक्टर असतो. मामाला माझं एवढंच सांगणं आहे की तीन दिवस खोक्यात कोंडलं आपणच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरात ठेवणंच गुन्हा. "एवढ्याशा जिवासाठी कसला कायदा" असंही तो म्हणायचा. याच एवढ्याशा जिवासाठी तामिळनाडूनं २०२२ मध्ये कडवूरला ११,८०६ हेक्टरचं अभयारण्य केलंय, ते मी त्याला मोबाइलवर दाखवलं.

तुमच्याकडचं जखमी नसेल तर हातच लावू नका, कुत्री-मांजरं लांब ठेवा. अंधार पडला की आपोआप जाईल. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, वर फडकं टाकून, शांत जागी ठेवा आणि वनखात्याला पुन्हा फोन करा. खायला काही देऊ नका. आत एक आडवी काडी मात्र घट्ट बसवा. त्याला धरायला काहीतरी लागतं.