उमराव म्हणजे कोण?

प्रिय सोनू,

काल व्हिडिओ कॉलवर तू टेबलावर पाय टाकून बसला होतास, तेव्हा आजी म्हणाली, "बसलाय बघा अमीर-उमरावासारखा!" नंतर तू मला विचारलंस, उमराव म्हणजे कोण? पोळ्यांच्या गडबडीत मी "मोठा माणूस" म्हणून मोकळी झाले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता नीट सांगते.

मूळ शब्द अरबी. अम्र म्हणजे हुकूम, आणि हुकूम देणारा तो अमीर. आपण राहतो त्या देशाच्या, संयुक्त अरब अमिरातीच्या, नावातच तो आहे: अमिरात म्हणजे अमिराचा मुलूख. अमीर अनेक असले की अरबीत 'उमरा' म्हणतात. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला, उमराव झाला, आणि आपण त्या अनेकवचनाचं चक्क एकवचन केलं. मराठीत एकटा माणूससुद्धा उमराव असतो! आजीचा 'अमीर-उमराव' म्हणजे एकच शब्द दोनदा. 'अहवाल'चंही तसंच, तो 'हाल'चं अनेकवचन. मला हे फार आवडतं. बाहेरून आलेल्या शब्दाला मराठीने आपल्या घरची वळणं लावली.

मराठेशाहीत मात्र जास्त चालला तो सरदार. फारसीत सर म्हणजे डोकं, म्हणून सरदार म्हणजे म्होरक्या. सरनोबत, सरदेसाई, सरपंच यांतला सर हाच. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली, सरनोबताचा सेनापती झाला, पण सरदार हा शब्द लोकांच्या तोंडी राहिलाच.

आणि सरदार नुसता लोडाला टेकून बसणारा नव्हता. त्याला सरंजाम मिळे, म्हणजे काही गावांचा महसूल. त्यातून ठरलेले घोडेस्वार पदरी बाळगायचे, घोड्यांचा दाणावैरण सांभाळायचा आणि बोलावणं आलं की फौज घेऊन हजर व्हायचं. महाराजांचा भर रोख पगारावर होता. पुढे राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी लढताना खजिन्यात पैसा नव्हता, तेव्हा सरंजाम सर्रास दिले गेले. मग ते बापामागून मुलाकडे जाऊ लागले. कामावरून पडलेलं नाव असं घराण्याला चिकटलं, आणि सरदार म्हटलं की वाडा आणि थाटच डोळ्यांपुढे येऊ लागला.

रविवारी आजीचा फोन येईल. तिला विचार, 'अहवाल' कशाचं अनेकवचन? आणि पाय तेवढे खाली घेऊन बस.

तुझी,
आई