बहाव्याच्या बिया देऊ का?

प्रश्न : लॅबर्नम नावाच्या युरोपातल्या झाडाच्या बियांपासून सिगारेट सोडवायच्या गोळ्या बनतात, असं वाचलं. फोटोत ते झाड हुबेहूब बहाव्यासारखं दिसतं. वडील वर्षानुवर्षं तंबाखू मळतात. दारच्या बहाव्याच्या बियांची पूड द्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. पिवळे घोस सारखे, पण शेंगा बघा. बहाव्याची हातभर लांब, काळी, नळीसारखी. आतला चिकट मगज सारक. त्यात सायटिसिन, म्हणजे त्या गोळ्यांतलं औषध, नाही, तेव्हा तलफ राहील तिथेच, पोट मात्र बिघडेल. लॅबर्नमची शेंग बोटाएवढी, चपटी. तिच्या बियांत सायटिसिन असतं खरं, पण त्या विषारी असतात आणि प्रत्येक बीत प्रमाण वेगळं. घरी कुटून घ्यायची ती वस्तूच नव्हे.

गोळीत मोजून १.५ मिलिग्रॅम सायटिसिन असतं. बल्गेरियात ती १९६४ पासून विकली जाते. मेंदूत निकोटीन जिथे चिकटतं, तिथेच हे बसतं. थोडं चेतवतं, म्हणून तलफ बोथट होते. जागा अडवतं, म्हणून झुरक्यात मजा उरत नाही. क्रम २५ दिवसांचा : पहिले ३ दिवस दर दोन तासांनी एक, दिवसाला ६, १२व्या दिवसापर्यंत ५, १६व्यापर्यंत ४, २०व्यापर्यंत ३, शेवटी एक-दोन. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद हवी. असर काही तासांत ओसरतो, त्यामुळे दुपारच्या गोळ्या राहिल्या की संध्याकाळी तलफ डोकं वर काढते. औषध लघवीवाटे बाहेर पडतं; मूत्रपिंडं अधू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

जादूची अपेक्षा नको. वॉर्सातल्या चाचणीत (२०११) वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले शेकडा ८; खोट्या गोळीवर २. शिवाय ते सगळे ओढणारे, मळणारे नव्हेत.

वडिलांसाठी डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम बघा. ते तंबाखूसारखंच, पण सावकाश : झणझणेपर्यंत चावायचं, मग गालात धरायचं. सतत चावलं तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, तलफ तशीच. आधी पाव तास चहा नको. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन फुकट मिळतं.

प्रश्न : गर्द सोडवायला आयबोगेन मागवावं का?

उत्तर : नाही. गॅबॉनमधल्या आयबोगा झुडपाच्या मुळाच्या सालीतला हा अल्कलॉइड (वनस्पतीतलं जहाल रसायन) हृदयाचे ठोके बिघडवतो. त्यात माणसं दगावली आहेत. ईसीजीची सतत देखरेख नसेल तिथे तो घेणं म्हणजे जिवाशी खेळ. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आपल्याकडच्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रांत मिळतं. तेही अफूच्या झाडातल्या थिबेन या द्रव्यापासूनच बनवलेलं.