आवाज कधी येतो, ते आधी लिहून काढ

भाऊ, गाडीच्या इंजिनातून विचित्र आवाज येतोय म्हणतोस, तर लगेच मेकॅनिककडं पळू नको. गॅरेजात नेली की गाडी हमखास गप्प बसते, हा माझ्या मारुती ८०० चा अनुभव. आठवडाभर वहीत लिही: इंजिन गार होतं का तापलेलं, एसी चालू होता का, मांजरसुंब्याचा घाट चढताना आला का सिग्नलवर उभं असताना.

सकाळी सुरू करताच चिरकतो अन् दोन मिनिटांत थांबतो? चालू इंजिनात फॅनबेल्टवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्यावर, लांबूनच थोडं पाणी शिंपड. आवाज बदलला की संशय बेल्टवर. गळ्यातलं उपरणं मात्र आधी काढून ठेव.

ठरावीक रेसलाच खडखड होत असेल तर इंजिन गार झाल्यावर सायलेन्सरवरचा पत्रा हलवून बघ. त्या पत्र्यानं माझा महिनाभर जीव खाल्ला. एकानं तर इंजिनच खोलायला सांगितलं होतं. निघाला एक सैल बोल्ट!

टिकटिक असेल तर सपाट जागी ऑइलची पट्टी काढून पातळी बघ. ती ठीक असेल तर टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवून घे. पण जड ठोके पडायला लागले किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर तिथंच इंजिन बंद कर अन् गाडी टोचन करून ने.