आठ महिन्यांत दोनच विक्री: अ‍ॅफिलिएट मार्केटिंगसाठी आत्मविश्वास आणायचा कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिने झाले, अकरा लेख लिहून झाले, अ‍ॅफिलिएट लिंकवर (म्हणजे जिच्यावरून कुणी वस्तू घेतली तर तुम्हाला कमिशन मिळतं अशा लिंकवर) २४० क्लिक आले आणि विक्री झाली दोनच. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून तुम्ही ‘मी यशस्वी आहे’ असं म्हणता, पण संध्याकाळी क्लिक आणि विक्रीचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड उघडला की सकाळचं सगळं बळ गळून जातं. यशस्वी लोकांसारखी आत्मविश्वासाची मानसिकता कशी घडवायची, असं तुम्ही विचारलंय.

मी हे काम सहा वर्षं करतेय आणि त्यातलं पहिलं दीड वर्ष तुमच्यासारखंच गेलं. म्हणून मनाचं नंतर बोलू, आधी तुमचे आकडे बघू या.

आठ महिने म्हणजे साधारण २४० दिवस. क्लिकही २४०. म्हणजे दिवसाला एक. हिशेबापुरतं धरा की शंभर क्लिकमागे एक विक्री होते. मग दिवसाला एकच क्लिक येत असताना शंभरातल्या नव्व्याण्णव संध्याकाळी डॅशबोर्डवर शून्यच दिसणार, काम अगदी ठीक चाललेलं असलं तरी! तुम्ही तो रोज उघडत असाल तर आजवर २३८ वेळा शून्य पाहिलंत. इतक्या वेळा नकार पचवल्यावर कुणाचंही मन खचेल. पण तो नकार नव्हताच हो. त्या दिवशी तुमच्या लिंकवर एकच माणूस आला होता, इतकंच.

आणि २४० मध्ये दोन म्हणजे शेकडा ०.८३. हा दर मान खाली घालण्यासारखा नाही. ज्यांनी तुमचं वाचून लिंक दाबली, त्यातल्या दोघांनी तुमच्या शब्दावर पैसे खर्च केले. तुमचं घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी: लिंकपर्यंत माणसंच पोचत नाहीयेत. हा प्रश्न तुमच्या स्वभावाचा नाही. लेखाचे विषय, मथळे आणि वाचक कुठून येतात, याचा आहे, आणि त्याच्यावर बसून काम करता येतं.

अजून थोडं गणित सांगते, कारण मला खरा धीर दिला तो या गणितानं. विक्रीचा दर खरोखर शेकडा एक असला, तरी सलग शंभर क्लिक कोरडे जाण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के असते. म्हणजे तीनातल्या एकाहून जास्त वेळा, काहीही चुकलेलं नसताना, शंभर क्लिक वाया गेल्यासारखे दिसतील. तीनशे क्लिकवरही शून्यच राहिलं, तर मात्र ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय: एखाद्या वस्तूच्या लिंकवर तीनशे क्लिक होईपर्यंत तिच्याबद्दल मत बनवायचं नाही, आणि तीनशेवर शून्य असेल तर वस्तू किंवा लेखाची मांडणी बदलायची. त्याच्या आधी जे काही वाटतं त्याला मी निष्कर्ष म्हणत नाही. हा नियम घातल्यापासून रात्री झोप लागायला लागली, हे अगदी मनापासून सांगते.

आता आरशाबद्दल. तुमची निष्ठा खरी आहे, तिच्याबद्दल मी एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो याची जी मांडणी केली, तिच्यात चार वाटा आहेत: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला ते जमताना पाहणं, दुसऱ्यानं दिलेला धीर, आणि त्या वेळची आपली शरीर-मनाची अवस्था. यातली सगळ्यात भक्कम वाट पहिली. आरशासमोरची वाक्यं फार तर तिसऱ्या वाटेत बसतात, तीही आपणच आपल्याला दिलेला धीर म्हणून. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञांनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की चांगल्या नोकरीची सुखद चित्रं रंगवत राहणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकऱ्यांचे प्रस्तावही कमी आले होते आणि पगारही कमी होता. उलट आपल्याला नोकरी मिळेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचं बरं चाललं होतं. दोन्हींतला फरक लक्षात घ्या. अपेक्षेला मागच्या अनुभवाचा आधार असतो. मनातले मांडे मात्र खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं आणि कामाची भूक मरते.

मग मागचा अनुभव कुठून आणायचा? इथे माझं सांगते.

पहिलं दीड वर्ष मी हातात न घेतलेल्या वस्तूंवर लिहीत होते. कंपनीच्या पानावरची माहिती, ग्राहकांचे चार अभिप्राय, शेवटी ‘आजच घ्या’. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. लेख दिसायला नीटनेटके असायचे, पण वाचकाचा प्रश्न आला की छातीत धस्स व्हायचं. मला वाटायचं, आपण भित्र्या आहोत. खरं तर आपल्याला त्या वस्तूबद्दल काही माहीत नाही, हे माझ्या मनाला पक्कं ठाऊक होतं आणि ते मला खोटं बोलू देत नव्हतं.

एकदा एका वाचक मुलीनं कॉलर माइकबद्दल विचारलं, ‘खोलीत पंखा चालू असला तर रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो माइक विकत घेतला. पंखा बंद ठेवून आणि पंखा पूर्ण वेगात ठेवून; माइक कॉलरला लावून आणि मग हातभर लांब टेबलावर ठेवून, असा चार वेळा एकच परिच्छेद वाचला. कॉलरला होता तेव्हा पंख्याची घरघर जेमतेम कळत होती. टेबलावर ठेवल्यावर ती माझ्या आवाजाच्या बरोबरीनं ऐकू आली. मग बॅटरी तपासली. खोक्यावर सहा तास छापलेलं होतं. पूर्ण चार्ज करून, वेळ टिपून, तो चालू ठेवला. चार तास चाळीस मिनिटांनी लाल दिवा लुकलुकायला लागला आणि पाच तास व्हायच्या आत माइक बंद पडला. क्लिपही जाड कापडावर सैल बसत होती. हे सगळं लिहिलं, बॅटरीचं तर पहिल्याच परिच्छेदात. प्रकाशित करायचं बटण दाबताना हात अडखळला, कारण आपण आपल्याच विक्रीवर पाणी सोडतोय असं वाटत होतं.

त्या आठवड्यात विक्री काही वाढली नाही. पण त्या मुलीला उत्तर लिहिताना मन पहिल्यांदाच शांत होतं. दोनेक महिन्यांनी एकानं विचारलं, चार तासांच्या कार्यशाळेला हा माइक पुरेल का. मी कुठलंही पान न उघडता लिहिलं, ‘पुरेल, पण मध्येच एकदा चार्ज करायची सोय ठेवा.’ तुम्ही जो आत्मविश्वास शोधताय ना, तो मला असा आला, मागाहून आणि नकळत. तो लेख पुढे हळूहळू वर गेला आणि आजही माझ्या चांगल्या चालणाऱ्या लेखांत आहे. गूगलनं एप्रिल २०२१ मध्ये वस्तूंच्या परीक्षणांसाठी शोधक्रमात खास बदल आणला, तेव्हा लेखकांना हेच सांगितलं होतं: वस्तू प्रत्यक्षात कशी आहे, कशी वापरली जाते ते दाखवा, मोजमापं द्या, गुण-दोष दोन्ही सांगा.

प्रत्येक वस्तू विकत घ्यायला हवी असं मी म्हणत नाही. ते परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. घरात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. ज्या वस्तूची खोड तुम्हाला डोळे मिटून सांगता येते, तिच्यावर लिहा.

लिंकबद्दलचा संकोच हाही याचाच भाग आहे. आपण विकतोय याची लाज वाटते म्हणून कितीजण ‘या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं’ हे वाक्य तळाशी, बारीक अक्षरात टाकतात. ते लेखाच्या सुरुवातीलाच, स्वच्छ लिहा. बऱ्याच देशांत कायदाच तसा आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या कमिशन कार्यक्रमांच्या अटींतही ते असतंच, पण मी ते त्यासाठी सांगत नाहीये. लपवलेली गोष्ट लिहिणाऱ्याला आतून पोखरते. उघड सांगितल्यावर मी शिफारस ताठ मानेनं करू शकले.

आता जे आपल्या हातात नाही त्याबद्दल. ते ओळखता आलं नाही तर माणूस नको ते दोष स्वतःच्या माथी घेतो. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅफिलिएट कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तिथे लिंक दाबल्यापासून २४ तासांच्या आत वाचकानं वस्तू बास्केटमध्ये टाकली तरच साधारणपणे ती विक्री आपल्या नावावर धरली जाते. एखाद्यानं तुमचा लेख वाचून चार दिवस विचार केला आणि मग थेट जाऊन खरेदी केली, तर डॅशबोर्डवर शून्यच. तुम्ही त्याला पटवलेलं असतं, पण नोंद होत नाही. एप्रिल २०२० मध्ये याच कार्यक्रमात अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. लोकांनी तेच लेख, तीच मेहनत केलेली होती, उत्पन्न मात्र निम्म्याहूनही खाली गेलं. माझ्याही बाबतीत एका कंपनीनं सूचना न देता कार्यक्रम बंद केला आणि माझ्या चौदा लेखांतल्या लिंक एका रात्रीत निकामी झाल्या. मी तीन दिवस हताश होते. तेव्हापासून एकाच कार्यक्रमावर सगळा भार टाकत नाही आणि वाचकांचे ईमेल पत्ते, त्यांच्या परवानगीनं, जमवत राहते. ती यादी कुणी एका रात्रीत बंद करू शकत नाही.

लोक कमाईचे स्क्रीनशॉट टाकतात ते पाहून तुम्ही खचता असं लिहिलंय. त्या चित्रात जाहिरातींवर किती खर्च झाला ते नसतं, परत आलेल्या मालाचं रद्द झालेलं कमिशन नसतं, आणि त्या एका महिन्याच्या मागे-पुढे काय होतं तेही नसतं. शिवाय तेच चित्र दाखवून कुणी कोर्स विकत असेल, तर त्याची कमाई कशातून येते हे आधी विचारा. बांडुरांची दुसरी वाट आठवा: आपल्यासारखं माणूस. तुमच्याच विषयात, तुमच्याहून एखाद्या वर्षानं पुढे असलेलं कुणी शोधा आणि त्याला अगदी नेमका प्रश्न विचारा. मला अशी एक मैत्रीण भेटली. आम्ही महिन्यातून एकदा एकमेकींचे मथळे तपासतो. तिच्या एका वाक्यानं मला जेवढं बळ येतं, तेवढं शंभर स्क्रीनशॉटनी येत नाही.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगते. यश लवकर यावं म्हणून नोकरी सोडू नका, साठवलेले पैसे जाहिरातीत किंवा महागड्या कोर्समध्ये घालू नका. पी हळद आणि हो गोरी असं हे काम नाही. ज्याला या महिन्याचं भाडं लिंकमधून काढायचंय, तो जास्त कमिशनची पण वाईट वस्तू पुढे करतो, आणि एकदा वाचकाचा विश्वास गेला की तो परत मिळत नाही.

तुमच्यासाठी करायचं काम असं. डॅशबोर्ड आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी उघडा. उरलेल्या सहा दिवसांसाठी एक वही ठेवा आणि फक्त हातातलं काम लिहा: आज कोणती वस्तू तपासली, वाचकाच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर दिलं, कोणता मथळा बदलला. गूगल सर्च कन्सोल जोडलेलं नसेल तर जोडा. ते फुकट आहे, आणि लेख गूगलच्या शोधात किती वेळा दिसला, किती जणांनी उघडला हे त्यात कळतं. लेख शोधात हजारो वेळा दिसतोय पण कुणी उघडत नाही, तर मथळा बदला. उघडतात पण लिंक दाबत नाहीत, तर वाचक जे विचारायला आला होता त्याचं उत्तर लेखात नाही. शोधात दिसतच नसेल, तर तो प्रश्न फार कमी लोक विचारतायत किंवा फार मोठ्या संकेतस्थळांशी तुमची गाठ पडलीय. अधिक बारीक, नेमका विषय घ्या.

आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही: त्या दोन विक्री कोणत्या लेखातून झाल्या? अकरापैकी नेमका कोणता, ते आज शोधा. मला वाटतं, तो तुम्ही स्वतः वापरलेल्या वस्तूवरचा असेल. तसा निघाला तर त्याच वस्तूच्या आसपासचे आणखी तीन प्रश्न काढा, जे ती घेण्याआधी तुम्हाला स्वतःला पडले होते, आणि बारावा लेख त्यातल्या पहिल्या प्रश्नावर लिहा. लिहून झाला की इथेच खाली त्याचा मथळा टाका, मी वाचेन आणि जे वाटेल ते स्पष्ट सांगेन.